विश्लेषण : आज एखाद्या तलावात नवा जीव का तयार होत नाही? उत्तर शोधणाऱ्या हाल्डेन यांची गोष्ट

सक्करदऱ्याच्या तलावात पाणी आहे, गाळात खनिजे आहेत आणि उन्हाळ्यात डोक्यावर नागपूरचे ऊन आहे. पृथ्वीवर पहिला जीव घडायला कधीकाळी एवढेच साहित्य पुरले असेल, तर आज अशा तलावात निव्वळ रसायनांपासून नवा जीव का तयार होत नाही? प्रश्न शाळकरी वाटतो. पण त्याचे पटण्याजोगे उत्तर देणाऱ्या मोजक्या लोकांत ज्यांचे नाव घ्यावे लागते, ते जे. बी. एस. हाल्डेन. बारावीच्या जीवशास्त्रात ‘ओपारिन-हाल्डेन’ अशी जोडनावासारखी जोडी येते, त्यातले हे दुसरे. जन्माने इंग्लंडचे, पण मरण पावले ते भारतीय नागरिक म्हणून, भुवनेश्वरमध्ये.

हाल्डेन कोण होते?

जन्म ५ नोव्हेंबर १८९२, ऑक्सफर्ड. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसन आणि विषारी वायूंचे अभ्यासक. खाणीत कोणता वायू माणसाला कसा मारतो, हे ते स्वतःवर प्रयोग करून तपासत आणि मुलालाही सोबत नेत. एकदा खाणीत त्यांनी लहानग्या जॅकला उभे करून शेक्सपिअरच्या नाटकातले एक भाषण म्हणायला लावले. हवेपेक्षा हलका मिथेन छताजवळ साठलेला होता. भाषण अर्ध्यावर आले, तसा मुलगा धापा टाकत खाली कोसळला आणि जमिनीलगतच्या हवेत पुन्हा नीट श्वास घेऊ लागला. मिथेन वर साठतो, हा धडा तो जन्मभर विसरला नाही. आज कोणताही पालक असे करणार नाही आणि करूही नये.

पुढे स्वतःच्या शरीराची प्रयोगशाळा करण्याची सवय त्यांनी उचललीच. रक्तातली आम्लता वाढली की काय होते, हे पाहायला ते अमोनियम क्लोराइड प्यायले. १९३९ मध्ये ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ जण गेले, तेव्हा त्यांच्यावर शेवटी काय गुदरले हे समजून घेण्यासाठी ते बंद कोठडीत बसले. अशाच एका प्रयोगात आचके येऊन त्यांच्या पाठीचे मणके दुखावले आणि ते दुखणे कायमचे राहिले.

गंमत अशी, की या माणसाकडे विज्ञानाची पदवी नव्हती. ऑक्सफर्डला गणित आणि मग ग्रीक-लॅटिन. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि मेसोपोटेमियात लढून परतल्यावर १९२३ मध्ये ते केंब्रिजला जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. १९२५ मध्ये ब्रिग्ज यांच्यासोबत त्यांनी विकरांच्या, म्हणजे एन्झाइम्सच्या वेगाचे जे गणित मांडले, ते आजही महाविद्यालयांत शिकवतात. नैसर्गिक निवडीला समीकरणांत बसवणाऱ्या तिघांपैकी ते एक. इतर दोघे फिशर आणि राइट.

१९२९ च्या लेखात नेमके काय होते?

‘रॅशनॅलिस्ट अॅन्युअल’ या विवेकवाद्यांच्या वार्षिकात त्यांनी जीवाच्या उगमावर मोजक्या पानांचा लेख लिहिला. नियतकालिक संशोधनाचे नव्हते आणि लेखामागे त्यांचा स्वतःचा एकही प्रयोग नव्हता.

मांडणी अशी होती. सुरुवातीच्या पृथ्वीच्या हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. कार्बन डायऑक्साइड, अमोनिया आणि पाण्याची वाफ होती. प्राणवायू नाही म्हणजे ओझोनही नाही, त्यामुळे सूर्याची अतिनील किरणे थेट समुद्रापर्यंत पोहोचत. या मिश्रणावर अतिनील किरणे पडली की शर्करेसारखे आणि प्रथिनांचे घटक होऊ शकतील असे पदार्थ तयार होतात, असे लिव्हरपूलचे रसायनशास्त्रज्ञ बेली यांचे प्रयोग सांगत होते. हाल्डेन यांनी त्यांचाच आधार घेतला. हे पदार्थ साठत गेले आणि आदिम समुद्राचे गरम, पातळ सूप झाले, ही कल्पना त्यांचीच. (सावजी रस्सा खाणाऱ्याने ते नक्कीच परत पाठवले असते, इतके पातळ.)

पुढचा टप्पा अधिक धाडसाचा होता. जीवाणूंना मारणारे फाज, म्हणजे जीवाणूंवरचे विषाणू, तेव्हा नुकतेच माहीत झाले होते. ते जिवंत पेशीत वाढतात, बाहेर मात्र निर्जीव पावडरीसारखे पडून राहतात. हाल्डेन यांना त्यात सजीव आणि निर्जीव यांच्यामधली पायरी दिसली. सुपातले मोठे रेणू असेच अर्धवट जिवंत असतील, भोवतालचे आयते घटक वापरून स्वतःच्या प्रती काढत असतील आणि त्यांतले काही तेलकट पापुद्र्यात अडकून पहिली पेशी झाली असेल, असा त्यांचा अंदाज.

मग तलावाचे काय?

त्यांचे उत्तर याच मांडणीत आहे आणि त्याला दोन बाजू आहेत. पहिली प्राणवायूची. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत तो साठू लागला. त्यात नाजूक सेंद्रिय रेणू उघड्यावर फार काळ टिकत नाहीत. दुसरी बाजू अधिक सोपी. सूप उरलेलेच नाही, ते खाल्ले गेले. आज कुठल्याही तलावात चुकून अमिनो आम्ले तयार झाली, तरी जवळचा जीवाणू त्यांचा फडशा पाडेल. जीव एकदा सुरू झाला की तो स्वतःच्या पुनरारंभाची वाट बंद करतो.

हाल्डेन यांच्या मांडणीतला कच्चा दुवा म्हणजे समुद्र. एवढ्या पाण्यात रेणू एकमेकांना भेटणार कसे आणि पाण्यातच लांब साखळ्या जुळणार कशा? म्हणून अलीकडे बरेच संशोधक समुद्राऐवजी आटणाऱ्या, पुन्हा भरणाऱ्या तळ्यांकडे वळले आहेत. डार्विन यांनीही १८७१ मधल्या एका पत्रात उबदार डबक्याचाच विचार केला होता. आपल्याकडचे लोणार डोळ्यांपुढे आणा. तिथल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, ते फक्त वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. अशा सोड्याच्या तळ्यांत फॉस्फेट भरपूर साठू शकते, असे अलीकडचे संशोधन सांगते. हे फॉस्फेट आनुवंशिक रेणूंना लागतेच. लोणार स्वतः पृथ्वीच्या मानाने अगदी तरुण आहे आणि जीवाणूंनी भरलेले आहे, तेव्हा तिथे आरंभ शोधायला जाऊ नये. पण घटक घट्ट होत जाण्याची रीत समजायला ते चांगले उदाहरण आहे.

प्रयोग कोणी केला?

१९५३ मध्ये शिकागोत हॅरल्ड युरी यांचे विद्यार्थी स्टॅन्ली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडल्या. काही दिवसांत अमिनो आम्ले मिळाली. हे मिश्रण हाल्डेन यांच्यापेक्षा ओपारिन यांच्या कल्पनेशी अधिक जुळणारे होते. आज मात्र आदिम हवेत कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनच जास्त असावेत, असे अनेकांचे मत आहे. म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हाल्डेन जवळ होते, अमोनियाच्या बाबतीत नाही. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केतही अमिनो आम्ले सापडली. त्यामुळे सगळा शिधा पृथ्वीवरच शिजला, असेही म्हणता येत नाही.

ते भारतात का आले?

मधल्या काळात हाल्डेन ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षात गेले आणि ‘डेली वर्कर’मध्ये सामान्य वाचकांसाठी विज्ञानावर शेकडो लेख लिहिले. याच काळात सोव्हिएत रशियात लिसेंको यांनी आनुवंशिकीची गळचेपी केली. स्वतः आनुवंशिकीतज्ज्ञ असूनही हाल्डेन स्पष्ट बोलायला कचरले. पक्षापासून ते दूर झाले, पण उशिरा. स्वतःच्या शरीराबाबत इतका बेडर असलेला माणूस इथे मागे राहिला, हे नोंदवावेच लागते.

१९५७ मध्ये त्यांनी इंग्लंड सोडले. जाहीर कारण सुएझ कालव्यावरचा ब्रिटिश हल्ला. दुसरेही कारण होते. पत्नी हेलन स्परवे यांनी पोलिसांच्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय दिल्याच्या प्रकरणात दंड भरण्याऐवजी तुरुंग पत्करला होता आणि लंडनमधले वातावरण बिघडले होते. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दोघे रुजू झाले. हाल्डेन धोतर-कुर्ता घालू लागले, मांसाहार सोडला. महागड्या उपकरणांवाचूनही संशोधन होते, हे ते विद्यार्थ्यांना दाखवत. पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजण्यापासून कामे सुरू झाली. सुरेश जयकर यांच्यासोबत १९६३ मध्ये लिहिलेला त्यांचा शोधनिबंध उत्क्रांतीच्या गणितात अजूनही संदर्भाला येतो. महालनोबीस यांच्याशी मात्र बिनसले. १९६१ मध्ये राजीनामा दिला आणि पुढच्या वर्षी मुख्यमंत्री बिजू पटनाईक यांच्या निमंत्रणावरून ते भुवनेश्वरला गेले.

ओपारिन यांच्याशी भेट

अलेक्झांडर ओपारिन यांनी जवळपास हेच विचार १९२४ मध्ये मॉस्कोत एका रशियन पुस्तिकेत छापले होते. पाच वर्षांनी लिहिताना हाल्डेन यांना त्याची कल्पना नव्हती. ऑक्टोबर १९६३ मध्ये फ्लोरिडातील वकुला स्प्रिंग्ज येथे जीवाच्या उगमावरील परिषदेत दोघे प्रथमच भेटले. हाल्डेन यांनी तिथे सर्वांसमक्ष पहिलेपणाचा मान ओपारिन यांना देऊन टाकला.

याच परिषदेत त्यांनी पहिल्या जीवाला कमीत कमी किती माहिती लागेल, याचा हिशेब मांडला. आरएनएचे एक जनुक आणि त्यावरून तयार होणारे एकच विकर, इतके पुरेल असा त्यांचा अंदाज होता. आरएनएपासून आरंभ झाला, हा विचार नंतर बळावला.

त्या दौऱ्यातच रक्तस्राव सुरू झाला आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले. लंडनला शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयातूनच त्यांनी कर्करोगावर एक विनोदी कविता लिहून छापायला दिली, लोकांनी लाजेने तपासणी टाळू नये म्हणून. दूरचित्रवाणीसाठी स्वतःचा मृत्युलेखही चित्रित करून ठेवला. ते भुवनेश्वरला परतले, पण आजार उलटला. १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्यभर प्रयोगांना दिलेले शरीर, त्यांच्या इच्छेनुसार, काकीनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला सोपवण्यात आले. वकुलातला निबंध पुस्तकात छापून आला, तो पुढच्या वर्षी.