विष्णुशास्त्री चिपळूणकर : निबंध शिकवणारे शास्त्रीबुवा

विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले तेव्हा त्यांना बत्तीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. जन्म २० मे १८५० चा, पुण्यातला. मृत्यू १७ मार्च १८८२ रोजी. आपल्याकडे या वयात पुष्कळांचे आयुष्य नुकते कुठे मार्गी लागलेले असते. शास्त्रीबुवांनी मात्र तेवढ्यात मराठी गद्याला एक नवे वळण लावून दिले, एक शाळा काढली, दोन वर्तमानपत्रांच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि छापखानाही उभा केला.

आपल्या मंडळाच्या दुपारच्या वर्गात मी मुलींना मराठी शिकवते. परीक्षेला बसणाऱ्या मुली असतात, तशाच मध्यंतरी शिक्षण सुटलेल्या सुनाही असतात. उताऱ्याचे रसग्रहण कसे करावे आणि निबंध कसा बांधावा, या दोन गोष्टी त्यांना हटकून अडतात. त्या शिकवताना मला वारंवार शास्त्रीबुवांकडे जावे लागते. म्हणून या स्मरणिकेसाठी लिहा असे कार्यवाह बाईंनी सांगितले तेव्हा दुसरा विषय सुचलाच नाही.

त्यांचे घर विद्वत्तेचे. वडील कृष्णशास्त्री हे त्या काळचे गाढे पंडित. मेघदूताचे मराठीत रूपांतर करणारे, अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठी वाचकांपुढे आणणारे, शिक्षक तयार करणाऱ्या पुण्याच्या विद्यालयाचे प्रमुख. अशा घरी पुस्तकांचा तोटा नव्हता. कॉलेजात संस्कृत व इंग्रजी दोन्हींचा व्यासंग करून विष्णुशास्त्री बी. ए. झाले आणि मास्तरकीच्या पेशात शिरले. पुण्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांनी काही वर्षे शिकवले.

मात्र लेखणी त्याआधीच हाती आली होती. वडील ‘शालापत्रक’ नावाचे मासिक चालवीत. विशीच्या आतच विष्णुशास्त्री त्याचे काम पाहू लागले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधु आणि दंडी या पाच संस्कृत कवींवरचे त्यांचे लेख याच मासिकात आले व पुढे पुस्तकरूपाने निघाले. मला स्वतःला त्यांचे हे लेखन फार मोलाचे वाटते. तोवर आपल्याकडे काव्य शिकायचे म्हणजे अन्वय लावायचा, समास सोडवायचा, अलंकाराचे नाव सांगायचे आणि पुढच्या श्लोकाकडे वळायचे. शास्त्रीबुवांनी कवी हा माणूस म्हणून पुढे उभा केला. तो कोणत्या काळी झाला असावा, त्याच्या ग्रंथाची कथा काय, त्याची प्रतिभा कुठे खुलते आणि कुठे उणी पडते, हे उदाहरणे देऊन सांगितले. आज आपण मुलींना रसग्रहणाचे म्हणून जे प्रश्न घालतो, ते बव्हंशी हेच आहेत. फरक इतकाच, की आपण त्यांचे साचे करून टाकले. ‘कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे’ हे वाक्य मी दर वर्षी पन्नास वह्यांतून तरी वाचते. सुंदर ते कशाने, कोणत्या शब्दाने, तो शब्द काढून दुसरा घातला तर काय बिघडेल, हे विचारले की वर्ग गप्प होतो!

१८७४ च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ निघाली. हे मासिक म्हणजे एका माणसाचा संसार होता. सात वर्षांत चौऱ्याऐंशी अंक निघाले आणि त्यांतला बहुतेक सर्व मजकूर शास्त्रीबुवांनी एकट्याने लिहिला. त्यातले बरेचसे नोकरी सांभाळून! मराठी भाषेची तत्कालीन स्थिती, वाचन, वक्तृत्व, इतिहास, भाषांतर, लेखनशुद्धी, ग्रंथांवरील टीका असे त्यांचे विषय. मोरोपंतांच्या कवितेवर तर त्यांनी मोठी लेखमालाच लिहिली. इंग्रजी शिकलेल्या तरुणांना मराठीची लाज वाटत असे, तो हा काळ. अशा वाचकाला त्याच्याच भाषेत गंभीर विचार करता येतो, हे प्रत्यक्ष करून दाखवणे, हा मालेचा खरा खटाटोप होता.

इंग्रजीतल्या जॉन्सन, मेकॉले यांच्या लेखनाचा त्यांच्यावर मोठा पगडा होता. जॉन्सनवर त्यांनी स्वतंत्र निबंधच लिहिला. त्यांचे वाक्य लांबलचक असते. मुली पहिल्यांदा वाचताना दमतात. पण दोनतीनदा मोठ्याने वाचून घेतले की त्यातली बांधणी कळते. विषय काय ते आधी निश्चित करायचे. लोक त्याविषयी काय समजतात ते मांडायचे. ते समजणे कुठे लंगडे आहे ते दाखवायचे. आक्षेप येण्याची वाट न पाहता तो आपणच उचलायचा आणि त्याचे उत्तर द्यायचे. मी मुलींना त्यांच्या निबंधाचे एखादे पान देऊन सांगते, प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एकच शब्द लिहा : शंका, उत्तर, दाखला, पुन्हा शंका. पान संपेपर्यंत सांगाडा डोळ्यांपुढे येतो. ‘सुरुवात, मध्य, शेवट’ असे फळ्यावर शंभरदा लिहून जे होत नाही, ते या एका पानाने होते.

परंतु शास्त्रीबुवांचा दुसरा बाजूही मुलींपुढे ठेवावी लागते, आणि ती ठेवताना माझी जीभ अडखळत नाही. जोतीराव फुले यांच्या लेखनावर त्यांनी जी टीका केली, तीत व्याकरणाच्या आणि भाषेच्या चुकांची टर उडवलेली आहे. मूळ प्रश्न, म्हणजे शूद्रातिशूद्रांवर झालेला अन्याय खरा की खोटा, हा बाजूलाच राहिला. लोकहितवादींवरही त्यांनी असाच जहाल हल्ला चढवला. गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीने मला सरळ विचारले, “बाई, समोरच्याचे म्हणणे न्यायाने मांडावे असे तुम्ही सांगता, मग यांनी ते का नाही केले?” प्रश्न अगदी रास्त होता. मी तिला म्हटले, “हेच तू निबंधात लिही.” तिने ते चांगले दोन पाने लिहिले. गुरूची रीत घेऊन गुरूलाच तपासावे, यात मला तरी अनादर वाटत नाही. ज्यांनी टीकेची सवय लावली, त्यांच्यावर टीका करण्याची चोरी कसली?

शिवाय आपण स्त्रियांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. निबंधमाला निघण्याच्या एकोणीस वर्षे आधी, १८५५ साली, फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला होता. विषय होता मांग-महारांच्या दुःखाचा. अवघे तीन वर्षांचे शिक्षण! तरीही प्रश्न कसा विचारावा आणि दाखला कसा द्यावा, हे त्या मुलीला पुरते उमगलेले होते. आणि शास्त्रीबुवा गेले त्याच १८८२ साली ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापले गेले. तेव्हा मराठी निबंध एका वाड्यातच जन्माला आला असे कोणी सांगू लागले तर आपण ही दोन नावे सांगावीत.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते. १८७८ साली वडील वारले. त्याच सुमारास शास्त्रीबुवांना बदलीवर रत्नागिरीस जावे लागले. १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली. घरच्या जबाबदाऱ्या असताना कायमचा पगार सोडणे म्हणजे काय, हे महिन्याचा हिशेब लिहिणाऱ्या बायकांना मी समजावून सांगायला नको. १८८० च्या जानेवारीत त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. बाळ गंगाधर टिळक आणि नामजोशी बरोबर होते, पुढे आगरकर येऊन मिळाले. १८८१ च्या आरंभी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली. चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना, पुस्तकांचे दुकान हे उद्योगही याच दोनतीन वर्षांतले. मग एकाएकी सारे थांबले. कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना शिक्षा झाली ती पाहायला शास्त्रीबुवा नव्हते. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ त आणि फर्ग्युसन कॉलेज १८८५ त निघाले, तेही त्यांच्या मागे.

मालेतला शेवटचा मोठा निबंध ‘आमच्या देशाची स्थिति’ हा. तो लिहिणारा गेल्यावर अठ्ठावीस वर्षांनी, १९१० साली, इंग्रज सरकारने त्याच्यावर बंदी घातली आणि ती १९३७ पर्यंत उठली नाही. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही वर्गात हाच निबंध घेणार आहोत, आणि त्याच्या शेजारी मुक्ता साळवेचा. मुलींना दोन्हींच्या समासात शंका, उत्तर, दाखला असे शब्द लिहायचे आहेत. ज्या भगिनींना यावेसे वाटेल त्यांनी पेन्सिल घेऊन यावे. मंडळाच्या पुस्तकांवर शाईने लिहू नये, एवढीच विनंती.