पहिली ‘मिस इंडिया’ : प्रमिला

(द्वितीय वर्ष, कला)

सौंदर्यस्पर्धा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एक अविवाहित, सडपातळ मुलगी उभी राहते. १९४७ साली पहिली ‘मिस इंडिया’ म्हणून जिची निवड झाली ती मात्र तिशीतली विवाहिता होती, चार मुलांची आई होती, आणि पाचव्या वेळी तिला दिवस गेलेले होते! हे प्रथम वाचले तेव्हा मला छपाईची चूक वाटली. चूक नव्हती.

तिचे नाव एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम. जन्म कलकत्त्याचा, ३० डिसेंबर १९१६ चा. घराणे बगदादी ज्यूंचे; वडील व्यापारी, आई कराचीची. सतराव्या वर्षी एस्थर घराबाहेर पडली आणि एका फिरत्या पारशी नाटक कंपनीत नर्तकी म्हणून राहिली. तिचे कामही मोठे विलक्षण होते. त्या काळी चित्रपटाचे रीळ संपले की दुसरे चढवीपर्यंत पंधराएक मिनिटे खेळ थांबे. तेवढ्या वेळात प्रेक्षकांनी गोंधळ करू नये म्हणून ही मुलगी नाचत असे. लोक यायचे पडद्यावरचे पाहायला, आणि हिने त्यांना अंधार-उजेडाच्या मधल्या वेळात धरून ठेवायचे. अभिनयाची शाळा म्हणावी तर हीच!

पुढे ती चित्रपटात आली. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे तिच्या सुरुवातीच्या चित्रपटांपैकी ‘भिखारन’ (१९३५) हा कोल्हापूर सिनेटोनचा. पडद्यावर ती ‘प्रमिला’ झाली. त्या काळी चांगल्या घरची मुलगी सिनेमात गेली की तिचे नाव टाकले जाई, म्हणून ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुली पुढे आल्या आणि त्यांना हिंदू नावे मिळाली. (आमच्या घरी आजही गॅदरिंगच्या नाटकात भाग घ्यायचा तर आजीची समजूत काढावी लागते, मग १९३५ ची गोष्ट काय सांगावी!) प्रमिलाने सुमारे तीस चित्रपटांत कामे केली. ‘मदर इंडिया’ (१९३८) हा त्यांतलाच एक. नर्गिसचा त्या नावाचा चित्रपट पुष्कळ नंतरचा. ‘जंगल किंग’सारख्या साहसपटांत ती धाडसी दृश्ये स्वतः करी, आपले पोशाख आणि दागिनेही स्वतःच आखी. मधल्या काळात तिने शिक्षिकेचे कामही केले आहे.

तिचे पती कुमार हेही नट. ‘पूरन भगत’चे नायक, आणि पुढे ‘मुघल-ए-आझम’मधला तो मूर्तिकार म्हणजे हेच. दोघांनी मिळून ‘सिल्व्हर फिल्म्स’ ही संस्था काढली. प्रमिलाने निर्माती म्हणून सोळा चित्रपट केले. मला वाटते, तिच्या डोक्यावरच्या त्या मुकुटापेक्षा हा आकडा अधिक मोलाचा आहे. मुकुट इतरांनी घातला. पण पैसे उभे करणे, कलावंतांचे पगार चुकवणे, चित्रपट पूर्ण करून बाजारात नेणे हे तिला करावे लागले, तेही पाच मुले सांभाळून.

फाळणीनंतर हाच व्यवसाय तिच्यावर उलटला. चित्रपटांच्या प्रसिद्धीसाठी ती वरचेवर पाकिस्तानात जाई. तिच्या फेऱ्यांचा सरकारला संशय आला आणि हेरगिरीच्या आरोपावरून तिला अटक झाली. फेऱ्या खरोखर धंद्याच्याच होत्या हे नंतर उघड झाले. ज्या देशाची ती पहिली सौंदर्यसम्राज्ञी, त्याच देशाने तिला परकी ठरवावे! १९६३ साली कुमार पाकिस्तानात स्थायिक झाले. ती मात्र गेली नाही. जाण्याचे कारण घरातच असताना ती राहिली. हा निर्णय घेताना तिच्या मनात काय चालले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

दादरला शिवाजी पार्कला तिचे घर होते. १९६७ साली तिची मुलगी नकी जहाँ हीसुद्धा ‘मिस इंडिया’ झाली. धाकटा मुलगा हैदर अली ‘नुक्कड’ मालिकेमुळे घराघरांत पोहोचला.

म्हातारपणी, चित्रपट सोडून कित्येक वर्षे लोटल्यावर, तिला पुन्हा कॅमेऱ्यासमोर बोलावणे आले. अमोल पालेकरांच्या ‘थांग’मध्ये तिने एक छोटी भूमिका केली. चित्रपट २००६ चा. त्याच वर्षी ६ ऑगस्टला, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, मुंबईत तिचे निधन झाले.