बाबासाहेबांच्या रात्री

पुण्याच्या मंडईत दिवस कोणत्या घटकेला सुरू होतो, हे सांगणे अवघड आहे. भाजीचा गाळा चालविणारी बाई पहाटे तीनच्या सुमारास उठते, गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल आणते, उजाडताच वाटे मांडते आणि दुपारी गिऱ्हाईक विरळ झाले की पोत्याला टेकून घटकाभर डोळे मिटते. ओझी वाहणाऱ्या हमालाचीही तीच रीत. सलग आठ तासांची रात्र या माणसांच्या वाट्याला क्वचितच येते. तुकड्यातुकड्यांनी मिळेल तेवढी झोप घ्यायची आणि पुन्हा कामाला लागायचे. ही मंडई आज महात्मा फुले यांचे नाव धारण करते. १८८६ मध्ये ती उभी राहिली तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी मंडईच्या खर्चास विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. दिवसा राबणाऱ्यांना शिकता यावे म्हणून त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये रात्रीची शाळा काढली. श्रमिकाच्या रात्रीत विद्येसाठी जागा कशी करावी, हा प्रश्न आपल्या चळवळीपुढे तेव्हापासून उभा आहे.

आमच्या विद्यालयातील कित्येक मुले अशाच घरांतून येतात. अलीकडे दहावीच्या मुलांत एक प्रयोग शिरला आहे. रात्रीच्या झोपेचे तीन-चार तुकडे करायचे आणि एकूण झोप चार तासांवर आणायची. दर चार तासांनी वीस मिनिटे, म्हणजे दिवसाकाठी अवघे दोन तास निजण्याचे वेळापत्रकही त्यांच्या ऐकण्यात आले आहे. या प्रयोगाला आधार म्हणून ती बाबासाहेबांचे नाव घेतात. जयंतीनिमित्त ठिकठिकाणी होणारे अठरा तास अभ्यासाचे उपक्रम त्यांनी पाहिलेले असतात. चोवीसांतून अठरा वजा केले की उरलेल्या सहा तासांत आंघोळ, जेवण आणि झोप बसवायची, असा त्यांचा हिशेब. हेतू थोर आहे. म्हणूनच बाबासाहेबांच्या रात्री खरोखर कशा गेल्या, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने मुलांपुढे आणि पालकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी हे लष्करातील शाळेत मुख्याध्यापक राहिलेले, शिस्तीचे, विद्येची ओढ असलेले आणि जोतीरावांविषयी आदर बाळगणारे गृहस्थ होते. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीस, मग साताऱ्यास आणि पुढे मुंबईस आले. आई भीमाबाई साताऱ्यातच निवर्तल्या होत्या. मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीचे बिऱ्हाड मिळाले. चूल, धूर, सरपण, भांडीकुंडी आणि माणसे, सारे त्या एकाच खोलीत. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले होते. पण संध्याकाळी पुस्तक उघडून बसावे एवढा कोपराही घरात मोकळा नव्हता आणि चाळीचा गलबला रात्री उशिरापर्यंत थांबत नसे.

रामजींनी यावर तोड काढली. जेवण झाले की ते मुलाला लवकर निजवीत. त्याच्या उशाशी जाते आणि पायाशी शेळी असे. घरातील सगळी निजली तरी रामजी जागे राहत. रात्रीचे दोन वाजले की ते भीमरावांना उठवीत आणि त्यांच्या मोकळ्या झालेल्या जागी स्वतः आडवे होत. काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्यापाशी भीमराव पहाटेपर्यंत वाचीत, मग थोडी झोप घेत आणि आंघोळ उरकून शाळेची वाट धरीत. झोपेचे दोन भाग झाले होते हे खरे. पण तो प्रयोग नव्हता. एका खोलीत दिवा, शांतता आणि अंथरूण ही तिन्ही एकाच वेळी मिळत नव्हती, म्हणून ती पाळीपाळीने घ्यावी लागत होती.

या व्यवस्थेत झोप मोडली कोणाची, हे नीट पाहिले पाहिजे. मुलाला आधी झोप मिळावी आणि मग अभ्यास, असा क्रम बापाने लावला होता. दोन वाजेपर्यंतची रात्र रामजींनी आपल्या पदरची घातली. उतारवयातील, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर संसार ओढणारा तो मनुष्य मुलाचे घड्याळ झाला होता. पुस्तकांसाठी पैसे नसले की लग्न होऊन गेलेल्या मुलींकडे जाऊन उसने मागण्यातही त्याने संकोच केला नाही, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण पडले. डबक चाळीतील त्या रात्रींचे श्रेय देताना आपण भीमरावांच्या जागरणाचे कौतुक करतो आणि रामजींचे जागरण विसरतो.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. गुण ७५० पैकी २८२. आजच्या गुणपत्रिकांच्या मानाने ते थोडे वाटतील. पण त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलाने ही परीक्षा ओलांडणे ही घटनाच होती आणि तिचा जाहीर सत्कार झाला. चर्नी रोडच्या बागेत शाळेनंतर एकटेच वाचीत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींच्या नजरेत आधीच भरला होता. त्यांनी या सत्कारात आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. घरात जागा नाही म्हणून बाग शोधणाऱ्या मुलाला बुद्ध असा भेटला.

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजी गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. दिवसाचे अठरा तास अभ्यास, असे चरित्रकार सांगतात ते याच काळाविषयी. शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली होती आणि दुसऱ्यांदा अशी संधी मिळेल याची शाश्वती नव्हती. पुढे १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते लंडनला परतले, तेव्हा गाठीला साठविलेले आणि उसने घेतलेले पैसे होते. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते सकाळी शिरत आणि ते बंद होताना बाहेर पडत. रात्री भूक अनावर झाली की पत्र्याच्या तुकड्यावर चार पापड भाजून खात आणि पुन्हा वाचावयास बसत. मध्यरात्री जाग आलेला खोलीतील सोबती त्यांना निजण्याचा आग्रह करी. त्यावर आपल्याजवळ अन्नाला पैसा नाही आणि झोपेला वेळ नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळे. पैसा असता तर वेळही असता, हे त्या उत्तरात दडलेले दुःख आहे.

शरीर मात्र हे सारे सोशीत राहत नाही. मधुमेह आणि संधिवाताने बाबासाहेबांना उत्तरायुष्यात गाठले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या काळात पायांतील वेदनांनी त्यांना रात्ररात्र झोप लागत नसे. इन्शुलिन घेत, उपचार करीत त्यांनी राज्यघटनेचे काम तडीस नेले. तरुणपणी ज्याने झोपेला वेळ दिला नाही, त्याला प्रौढपणी झोप हवी असूनही मिळेना. तरुणपणच्या जागरणांनीच हे आजार ओढवले, असा दावा आम्ही करीत नाही; पण ज्या महामानवाचे अनुकरण करायचे, त्याच्या देहाने काय भोगले तेही मुलांना ठाऊक असावे.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नमूद करतो. रात्रीची झोप दोन भागांत घेण्याची चाल नवी नाही. यंत्रयुगापूर्वीच्या युरोपात लोक पहिली झोप, मग मध्यरात्री काही काळ जाग आणि नंतर दुसरी झोप अशी रात्र घालवीत, हे रॉजर एकर्च या अमेरिकन इतिहासकाराने कागदपत्रांतून दाखविले आहे. तेव्हा झोप दोन भागांत विभागणे वेगळे आणि तिची एकूण बेरीज घटविणे वेगळे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. दिवसा शिकलेले झोपेतच स्मरणात पक्के होते. दोन-चार तासांवर झोप आणणारी वेळापत्रके अभ्यासली गेली तेव्हा लाभाचा पुरावा मिळाला नाही. लक्ष उडणे, चिडचिड आणि चुका मात्र वाढतात. झोप कमी करून वाचलेले तास वर्गातल्या पेंगण्यात परत द्यावे लागतात, हे आम्ही शिक्षक फळ्यासमोर उभे राहून रोज पाहतो.

धम्म तरी याहून वेगळे काय सांगतो? पालि ग्रंथांत भिक्खूंच्या रात्रीचे तीन याम सांगितले आहेत. पहिल्या यामात चंक्रमण आणि ध्यान, मधल्या यामात उजव्या कुशीवर सिंहशय्या, शेवटच्या यामात उठून पुन्हा साधना. जागरूकतेचा एवढा आग्रह धरणाऱ्या त्या शिकवणीनेही मधला याम झोपेसाठी राखून ठेवला. शरीर सुकवून सत्य सापडेल, या कल्पनेचा प्रयोग खुद्द सिद्धार्थ गौतमाने केला होता आणि तो व्यर्थ ठरल्यावर सोडूनही दिला. त्या अनुभवातून निघालेल्या मध्यम मार्गाचे आपण अनुयायी आहोत. अन्नाला जे लागू ते झोपेलाही लागू.

बाबासाहेबांनी आपल्या पश्चात येणाऱ्या मुलांवर स्वतःच्या जागरणाचा भार टाकला नाही. त्यांनी खोल्या, दिवे आणि वेळ यांची सोय केली. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले, कारण पोटासाठी दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणाला शिकता यावे. माणसाने महाविद्यालयाच्या घड्याळाशी जुळवून घ्यावे, ही रीत त्यांनी बदलली. १९५० मध्ये औरंगाबादेत पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखली जाणारी संस्था आली. डबक चाळीत रामजींनी एका मुलासाठी जे केले, ते बाबासाहेबांनी हजारोंसाठी केले.

निवासी विद्यालयाचे प्रयोजन आम्ही यातच पाहतो. येथे मुलाला स्वतःचे अंथरूण आहे, दिवा आहे, वाचनाची खोली आहे. ही तिन्ही एकाच वेळी असताना डबक चाळीची रात्र पुन्हा उभी करण्याचे कारण उरत नाही. संध्याकाळी शिक्षकांच्या उपस्थितीत दोन तास मन लावून अभ्यास व्हावा, साडेनऊला दिवे मालवावेत, साडेपाचला उठावे. आठ तास झोप होते आणि पहाटेचा निवांत वेळही हाती राहतो. सुटीत मंडईतल्या गाळ्यावर आईला हात देणाऱ्या मुलाने दुपारी डोळा लावला तर त्यात आळस नाही, हे पालकांनीही समजून घ्यावे.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीतील निवासस्थानी बाबासाहेबांनी आपल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशाशी मागवून घेतले होते. ६ डिसेंबरच्या सकाळी ते निजल्या जागी निर्वाण पावलेले आढळले. वय अवघे पासष्ट. त्यांच्या जागरणाचे ऋण आपल्यावर आहे, आणि ते फेडण्याची जबाबदारी प्रथम थोरांची आहे. मुलांनी भीमराव व्हावे असे वाटत असेल, तर आम्हां शिक्षकांना आणि पालकांना आधी रामजी व्हावे लागेल. दोन वाजेपर्यंत जागायचे असेल तर ते आपण जागावे, आणि मुलांना निर्धास्त झोपू द्यावे.