टाळता येणारा अंधार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलाबामा राज्यात टस्कंबिया नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे २७ जून १८८० रोजी हेलन केलर हिचा जन्म झाला. जन्मतः हेलन इतर मुलांसारखीच धडधाकट होती. परंतु ती एकोणीस महिन्यांची असताना तिला कडक ताप आला. काही दिवसांनी ताप उतरला आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण जाताना तो ताप मुलीची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही घेऊन गेला होता. शब्द कानी पडेनात, त्यामुळे बोलणेही येईना. आपल्याला काय हवे, काय दुखते, हे सांगण्याचे साधनच तिच्यापाशी उरले नाही. मग ती संतापे, हातपाय आपटी आणि थकून रडत बसे.

३ मार्च १८८७ रोजी ॲन सलिव्हन नावाची वीस वर्षांची तरुणी हेलनची शिक्षिका म्हणून त्या घरी आली. लहानपणी खुपऱ्यांच्या रोगाने ॲनचेही डोळे अधू झाले होते. शस्त्रक्रियांनंतर तिला वाचण्यापुरते दिसू लागले होते. अंधाराचे दुःख तिने स्वतः भोगले होते. बोटांच्या खुणांनी ती हेलनच्या तळहातावर शब्दांची अक्षरे लिहू लागली. महिनाभर हेलनला तो नुसता खेळ वाटला. एके दिवशी ॲनने तिचा एक हात पंपाच्या धारेखाली धरला आणि दुसऱ्या हातावर पाणी या अर्थाचा शब्द लिहिला. प्रत्येक वस्तूला नाव असते, हे हेलनला त्या क्षणी उमगले. त्या दिवसापासून तिच्या जिज्ञासेला अंत राहिला नाही. ती ब्रेल लिपी शिकली आणि मोठ्या कष्टाने बोलायलाही शिकली. १९०४ साली तिने रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी सन्मानपूर्वक मिळवली. अंध आणि बधिर अशा व्यक्तीने पदवीधर होण्याचे हे पहिलेच उदाहरण होय.

हेलन केलर यांची इतकी हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. त्यांनी पुढे केलेले एक मोठे कार्य मात्र फारसे सांगितले जात नाही.

१९०६ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अंधविषयक आयोगावर त्यांची नेमणूक झाली. या काळात एका गोष्टीने त्यांचे मन अस्वस्थ झाले. अंधशाळांत येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांची दृष्टी जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेलेली असे. मातेच्या शरीरातील रोगजंतू प्रसूतीच्या वेळी अर्भकाच्या डोळ्यांत शिरत, डोळे सुजत, त्यांतून पू वाहू लागे आणि वेळेवर उपचार न झाल्यास दृष्टी जाई.

यावर उपाय नव्हता असे नाही. ज्या वर्षी हेलनबाईंचा जन्म झाला त्याच वर्षी, म्हणजे १८८० साली, जर्मनीतील लाइपझिग शहरात डॉक्टर कार्ल क्रेडे यांनी तो शोधून काढला होता. बाळ जन्मताच त्याचे डोळे स्वच्छ करून त्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा थेंब घालावयाचा, एवढाच तो उपाय. त्यांच्या प्रसूतिगृहात पूर्वी शंभरांपैकी सुमारे दहा अर्भकांना हा रोग होई. ते प्रमाण शंभरांत एकाहूनही खाली आले.

असे असूनही पंचवीस वर्षांनंतर मुले आंधळी होतच होती. कारण मातेचा तो रोग लाजिरवाणा समजला जाई. सभ्य घरांत आणि वर्तमानपत्रांत त्याचा उच्चारही होत नसे. ज्या रोगाचे नाव घ्यावयाचे नाही, त्यावरचे औषध कोण सांगणार? पुष्कळशा माता अज्ञानात राहिल्या आणि त्याचे फळ तान्ह्या मुलांना भोगावे लागले.

हेलनबाईंचे स्वतःचे अंधत्व या रोगाने आलेले नव्हते. लोक नावे ठेवतील, ही भीतीही त्यांना होती. तरीही त्यांनी मौन सोडले. १९०७ साली स्त्रियांच्या एका लोकप्रिय मासिकात त्यांनी या रोगाविषयी आणि त्यावरील सोप्या उपायाविषयी स्पष्ट शब्दांत लिहिले. घरोघरच्या स्त्रियांनी ते वाचले. इतर वैद्य आणि समाजसेवकही या कार्याला लागले होतेच. पुढे अनेक राज्यांनी नवजात बालकांच्या डोळ्यांत औषध घालणे कायद्याने आवश्यक ठरवले. आज सिल्व्हर नायट्रेटऐवजी अधिक सौम्य औषधे वापरतात.

अंधांना स्वतः वाचता यावे, याविषयीही त्यांचा आग्रह होता. अमेरिकेत त्या वेळी अंधांसाठी निरनिराळ्या उठावदार लिप्या प्रचारात होत्या. एका लिपीतील पुस्तक दुसरी लिपी शिकलेल्यास निरुपयोगी ठरे. मग आरोग्याचे पुस्तक छापले तरी ते सर्वांपर्यंत कसे पोहोचावे? सर्वांसाठी एकच लिपी असावी, असे हेलनबाईंनी आग्रहाने मांडले. अखेर १९३२ साली ब्रिटन व अमेरिका या देशांनी इंग्रजीसाठी एकच ब्रेल लिपी मान्य केली.

या कार्यासाठी त्यांनी देशोदेशी प्रवास केला. १९५५ साली, वयाच्या पंचाहत्तरीत, त्या भारतातही आल्या आणि पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांना भेटल्या. पंडितजींच्या चेहऱ्यावरून हात फिरवून त्यांनी त्यांना ओळखून घेतले. १ जून १९६८ रोजी हेलनबाईंचे निधन झाले.

ज्या खुपऱ्यांनी ॲनचे डोळे अधू केले, तो रोग भारतात एके काळी मोठ्या प्रमाणावर होता. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारताने त्याचे उच्चाटन केल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले. औषधे, स्वच्छ पाणी आणि तोंड व हात धुण्याची सवय यांनी ते साधले. औषध सापडले म्हणजे काम संपले असे होत नाही. ते कोणीतरी घरोघरी जाऊन, न लाजता सांगावे लागते. हेलनबाईंनी तेच केले. ज्यांना स्वतःला प्रकाश दिसला नाही, त्यांनी इतरांच्या मुलांचा प्रकाश राखला.