देव न मानणाऱ्या कामूने साथीच्या रोगात माणसाने कसं वागावं, हे लिहून ठेवलंय

२०२० च्या मार्चमध्ये युरोपात लॉकडाऊन लागला. लोकांनी पीठ भरून ठेवलं, औषधं भरून ठेवली आणि सोबत एक जुनी कादंबरीही शोधून शोधून विकत घेतली. फ्रान्स, इटली, ब्रिटन आणि पार जपानपर्यंत तिची मागणी एकदम वाढली.

कादंबरीचं नाव 'द प्लेग'. १९४७ साली आलेली. लेखक आल्बेर कामू.

आता सत्तर वर्षांपेक्षा जुन्या पुस्तकात लोक काय शोधत होते?

साथ आली की माणसाला दोन प्रश्न पडतात. पहिला, हे आपल्याच वाट्याला का आलं? दुसरा, आता करायचं काय? श्रद्धाळू माणसाकडे पहिल्या प्रश्नाचं काही ना काही उत्तर असतं. देवाची इच्छा, पापाची शिक्षा, श्रद्धेची परीक्षा वगैरे. पण जो देव मानत नाही, ज्याला वर कुणी पाप-पुण्याचा हिशेब ठेवतंय असं वाटत नाही, त्याने स्वतःचा जीव धोक्यात घालून दुसऱ्याची सेवा का करावी?

कामू या प्रश्नाला आयुष्यभर चिकटून राहिला. त्याचं कारण त्याच्या आयुष्यातच सापडतं.

घरात वडील नाहीत, पुस्तकं नाहीत

कामूचा जन्म ७ नोव्हेंबर १९१३ चा. गाव मोंदोवी, देश अल्जेरिया. तेव्हा तिथे फ्रान्सचं राज्य होतं. वडील ल्युसियाँ द्राक्षांच्या मळ्यावर, वाइन बनवणाऱ्यांकडे कामाला होते. पहिलं महायुद्ध सुरू झालं, त्यांना फ्रान्सला पाठवलं आणि १९१४ मध्ये मार्नच्या लढाईत झालेल्या जखमांनी ते गेले. पोरगं तेव्हा एक वर्षाचंही नव्हतं.

आई दोन मुलांना घेऊन अल्जियर्सच्या बेलकूर या गरीब वस्तीत आपल्या आईकडे राहायला आली. तिला नीट ऐकू यायचं नाही, ती फार कमी बोलायची आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. लोकांच्या घरची साफसफाई करून ती घर चालवायची. घरात सत्ता आजीची, आणि आजीचा हात चांगलाच जड होता.

प्राथमिक शाळा झाली की पोराने कामाला लागायचं, हे आजीने ठरवून टाकलं होतं. पण लुई जर्मेन नावाच्या मास्तरांनी पोरातली चमक ओळखली. ते घरी आले, आजीची समजूत काढली आणि स्कॉलरशिपच्या परीक्षेची तयारी स्वतः करून घेतली. पुढे नोबेल मिळालं तेव्हा कामूने आईनंतर या मास्तरांची आठवण काढली आणि त्यांना आभाराचं पत्र लिहिलं.

सतराव्या वर्षी मरण जवळून पाहिलं

कामू फुटबॉल खेळायचा. गोलकीपर होता, अल्जियर्सच्या युनिव्हर्सिटी क्लबच्या ज्युनियर टीममध्ये होता. १९३० मध्ये एक दिवस खोकल्यातून रक्त पडलं. निदान झालं टीबी.

तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. त्याआधी डॉक्टर फुफ्फुसाच्या बाहेर हवा भरून ते दाबून ठेवायचे, जेणेकरून त्याला आराम मिळावा. वडील युद्धात गेलेले, त्यामुळे कामूला सरकारी दवाखान्यात मोफत उपचार मिळाले. तिथे आजूबाजूच्या खाटांवर गरिबांना मरताना त्याने पाहिलं. फुटबॉल सुटला तो सुटलाच.

आजारपणात चांगलं खायला मिळावं म्हणून तो मावशीकडे राहायला गेला. मावशीचे यजमान गुस्ताव आको हे व्यवसायाने खाटीक, पण वाचनाचं जबरदस्त वेड. धर्मसत्तेला शिंगावर घेणारा व्होल्तेअर हा त्यांचा आवडता लेखक. पोराला रोजचं मटण मिळालं आणि भरलेली पुस्तकांची कपाटंही मिळाली.

घर नावाला कॅथलिक होतं, पण कामूचा देवावर विश्वास बसला नाही. मात्र त्याने धर्माचा अभ्यास टाळला नाही. १९३६ मध्ये त्याने युनिव्हर्सिटीत जो प्रबंध लिहिला तो ख्रिस्ती विचार आणि ग्रीक तत्त्वज्ञान यांच्या नात्यावर होता, आणि त्यात मोठा भाग होता संत ऑगस्टीनचा. हे ऑगस्टीनसुद्धा अल्जेरियाच्याच मातीतले. कामू जिथे जन्मला त्या भागातच, हिप्पो शहरात, ते बिशप होते. म्हणजे ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही ती आधी नीट समजून घ्यायची, ही त्याची पद्धत होती.

शिक्षक व्हायचं होतं, पण टीबीमुळे त्याला वरच्या परीक्षेला बसू दिलं नाही. मग तो पत्रकार झाला. १९३९ मध्ये 'अल्जे रेपुब्लिकाँ' या पेपरसाठी तो कबिलिया या डोंगराळ भागात गेला. तिथे दुष्काळासारखी परिस्थिती होती. उकिरड्यातल्या तुकड्यासाठी कुत्र्यांशी झटापट करणारी मुलं त्याने पाहिली आणि तसंच छापलं. धान्य किती मिळतं, मजुरी किती मिळते, शाळा किती आहेत, सगळे आकडे दिले. ही उपासमार दैवाची देणगी नाही, ती सरकारी धोरणातून आली आहे, हा त्या लेखमालेचा सूर होता. सरकारला हे पचणं शक्यच नव्हतं. पुढे पेपर बंद पडला आणि कामूला अल्जेरियात काम मिळेनासं झालं.

बायको एका खंडात, नवरा दुसऱ्या

१९४० मध्ये त्याचं लग्न फ्रान्सिनशी झालं. तिचं माहेर ओरान, अल्जेरियाचं बंदर. कामू काही काळ तिथे राहिला आणि याच शहरात त्याने आपल्या कादंबरीतला प्लेग आणला.

१९४२ मध्ये टीबी उलटला. हवापालट म्हणून दोघं फ्रान्सच्या डोंगरात ल पानलिए या छोट्या गावी आले. फ्रान्सिन नोकरीसाठी ओरानला परतली, कामू मागोमाग जाणार होता. पण ८ नोव्हेंबर १९४२ ला अमेरिका-ब्रिटनच्या फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या, तीन दिवसांत जर्मनीने दक्षिण फ्रान्सही ताब्यात घेतला आणि मधला रस्ता बंद झाला. फ्रान्स मुक्त होईपर्यंत नवरा-बायकोची भेट झाली नाही.

आजारी माणूस, बंद सीमा आणि दूर अडकलेलं आपलं माणूस. 'द प्लेग' हे असं लिहिलं जात होतं.

त्या काळात तो जर्मनांविरुद्ध चोरून छापल्या जाणाऱ्या 'कोंबा' या पेपरात सामील झाला आणि पुढे त्याचा संपादक झाला. म्हणून या कादंबरीतला प्लेग म्हणजे नाझी राजवटही आहे, असं मानतात.

फादर, डॉक्टर आणि एक लहान पोरगं

कादंबरीची गोष्ट थोडक्यात अशी.

ओरानमध्ये उंदीर मरायला लागतात. मग माणसं मरायला लागतात. अधिकारी प्लेग हा शब्द उच्चारायलाच तयार नसतात. शेवटी शहराच्या वेशी बंद होतात.

मग अफवांचं पीक येतं. पेपरमिंटच्या गोळ्या खाल्ल्या की रोग होत नाही असं कुणी म्हणतं आणि दुकानातल्या गोळ्या संपतात. वाइनने जंतू मरतात, अशी पाटी एक कॅफे लावतो. जुन्या भविष्यवाण्या छापून छापखानेवाले पैसे कमावतात. लोक चर्चपेक्षा ताईतांवर जास्त भरवसा ठेवायला लागतात. २०२० चे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड ज्यांना आठवतायत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

फादर पानलू चर्चमध्ये प्रवचन देतात. ही तुमच्या पापांची शिक्षा आहे, असा त्यांचा रोख असतो.

डॉ. रिऊ देव मानत नाही. तो वाद घालत बसत नाही, रोज पेशंट बघत राहतो. त्याची स्वतःची बायको आजारी आहे आणि उपचारासाठी दूर गेलीये. तारू नावाचा दुसरा नास्तिक स्वयंसेवकांची पथकं तयार करतो. देव नसताना संत होता येतं का, हा त्याचा प्रश्न. पॅरिसचा पत्रकार राँबेर प्रेयसीकडे पळून जायची सगळी तयारी करतो आणि ऐनवेळी थांबतो. ग्राँ नावाचा नगरपालिकेचा साधा कारकून कामावरून आल्यावर पथकाच्या नोंदी ठेवतो. या गोष्टीला हिरो हवाच असेल तर तो हा कारकून, असं कामू सुचवतो.

आणि मग कादंबरीतला सगळ्यात जड प्रसंग येतो.

म्हातारे डॉक्टर कास्तेल शहरातल्याच जंतूपासून सीरम बनवतात. ते पहिल्यांदा दिलं जातं एका न्यायाधीशाच्या लहान मुलाला, कारण त्याची आशा संपलेली असते. पोरगं वाचत नाही. उलट त्याच्या यातना लांबतात. सगळे खाटेभोवती उभे असतात, फादरसुद्धा. या मुलाने कुठलं पाप केलं होतं, हा रिऊचा सवाल असतो. फादरकडे उत्तर नसतं.

कामूची ताकद इथे दिसते. तो विज्ञानाला जादू बनवत नाही. पहिलं सीरम फसतं, डॉक्टर पुन्हा कामाला लागतात. तो फादरलाही खलनायक करत नाही. पानलू आधीच पथकात सामील झालेले असतात, रोग्यांमध्ये वावरत असतात. दुसऱ्या प्रवचनात ते समोरच्यांना 'तुम्ही' म्हणत नाहीत, 'आपण' म्हणतात. पुढे स्वतः आजारी पडल्यावर मात्र ते डॉक्टरला बोलवायला नकार देतात आणि हातात क्रूस धरून मरतात.

रिऊला फादरची श्रद्धा पटत नाही, फादरला रिऊची नास्तिकता पटत नाही, पण पेशंट उचलताना स्ट्रेचरचं एक टोक याच्या हातात आणि दुसरं त्याच्या हातात. कामूचं उत्तर हेच आहे. का हे कळलं नाही तरी काय करायचं हे ठरवता येतं. देव मानणाऱ्याने आणि न मानणाऱ्याने ते सोबत करावं. ज्याला जे काम येतं ते त्याने नीट करावं, त्यात शौर्याचा आव आणू नये आणि कुणाच्या मरणाला योग्य ठरवू नये.

हिरोशिमा आणि एक कबुली

हेच त्याने बाहेरही पाळायचा प्रयत्न केला.

६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. जगभरचे पेपर विज्ञानाच्या या कामगिरीने भारावून गेले होते. ८ ऑगस्टला 'कोंबा'मध्ये कामूने लिहिलं त्याचा आशय असा होता की यंत्रयुग रानटीपणाच्या शेवटच्या पायरीवर पोहोचलंय. विज्ञान त्याला हवं होतं, पण माणसाच्या वर बसलेलं विज्ञान नको होतं.

फ्रान्स मुक्त झाल्यावर तिथे नाझींना साथ देणाऱ्यांना फाशी द्यावी का, यावर वाद पेटला. कामू कठोर शिक्षेच्या बाजूने, तर कॅथलिक लेखक फ्रान्स्वा मोरियाक क्षमेच्या बाजूने. पुढे पॅरिसमध्ये डोमिनिकन साधूंच्या मठात बोलायला गेला तेव्हा कामूने सगळ्यांसमोर मान्य केलं की त्या वादात मोरियाक बरोबर होते, आपण चुकलो होतो. त्याच भाषणात त्याने साधूंनाही सोडलं नाही. नाझींच्या अत्याचारांवर चर्चने स्पष्ट शब्दांत बोलायला हवं होतं, हे त्याने तोंडावर सांगितलं.

१९५७ मध्ये त्याने फाशीच्या विरोधात मोठा निबंध लिहिला. त्याची सुरुवात वडिलांच्या आठवणीने होते. एका खुन्याची फाशी बघायला ते पहाटे उठून गेले आणि घरी येऊन उलट्या करत राहिले, असं त्याला आईकडून कळलं होतं.

त्याच वर्षी त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. तोवर त्याच्यापेक्षा लहान वयात हे नोबेल मिळालेला एकच लेखक होता, आपल्या मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग.

टीका काय होते?

टीका झाली आणि ती बिनबुडाची नाही. रोलाँ बार्थ यांनी १९५५ मध्ये आक्षेप घेतला की नाझी ही माणसं होती, त्यांना जंतू केलं की प्रश्न सोपा होऊन जातो. जंतूशी लढताना हात रक्ताने माखत नाहीत, माणसांशी लढताना माखतात.

दुसरी टीका जास्त बोचरी आहे. ओरान अल्जेरियात आहे, पण कादंबरीत नाव असलेलं एकही अरब पात्र नाही. कबिलियाची उपासमार डोळ्यांनी पाहिलेल्या लेखकाच्या पुस्तकात तिथला मूळ माणूस मरतानाही दिसत नाही. साथ सगळ्यांना सारखी गाठते असं म्हणताना कुणाचे मृत्यू मोजलेच जात नाहीत, हा प्रश्न या कादंबरीलाही विचारावा लागतो.

४ जानेवारी १९६० ला पॅरिसला जाताना विलब्लेव्हँ गावाजवळ गाडी झाडावर आदळली आणि कामू जागीच गेला. वय ४६. गाडी त्याचा प्रकाशक मित्र मिशेल गालिमार चालवत होता, तोही काही दिवसांनी गेला. बॅगेत हाताने लिहिलेली १४४ पानं सापडली. बेलकूर, बहिरी आई, कडक आजी आणि ते मास्तर यांच्यावरची अर्धवट कादंबरी. ती छापली गेली १९९४ मध्ये.

'द प्लेग'च्या शेवटी शहराच्या वेशी उघडतात, लोक रस्त्यावर नाचतात. तारू गेलेला असतो. रिऊला तारेने कळतं की बायकोही गेली. लोकांचा आनंद ऐकताना त्याला एवढंच माहीत असतं की जंतू मरत नाहीत, कपाटात, कपड्यांत, जुन्या कागदांत वाट बघत पडून राहतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशीही त्याला पेशंट बघायला जायचंच असतं.