द्यूररच्या प्रवासाचा हिशेब

चित्रकाराने देशोदेशी हिंडून शिकावे यासाठी आज शिष्यवृत्त्या आणि अभ्यासदौरे आखले जातात. पंधराव्या शतकातील जर्मनीत मात्र हा कारागिरांचा साधा रिवाज होता. उमेदवारी संपली की तरुणाने गाव सोडावे, परक्या उस्तादांकडे राबावे आणि मगच स्वतःची चित्रशाळा थाटावी. न्यूरेंबर्गच्या सोनाराचा मुलगा आल्ब्रेख्त द्यूरर (१४७१–१५२८) याच रिवाजाने १४९० साली घराबाहेर पडला. कोल्मारच्या मार्टिन शोनगाउअरकडे शिकण्याचा त्याचा मानस होता. परंतु तो पोहोचण्यापूर्वीच शोनगाउअर निवर्तला होता.

१४९४ साली परतल्यावर आग्नेस फ्राय हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि काही महिन्यांतच तो आल्प्स ओलांडून इटलीकडे निघाला. वाटेतील डोंगर, गढ्या आणि गावे यांची त्या काळातील त्याची जलरंगचित्रे आजही ताजी वाटतात. १५०५ साली तो पुन्हा व्हेनिसला गेला, तो मित्र पिर्कहाइमरकडून कर्ज काढून. तेथे वार्षिक दोनशे डुकाटांची नेमणूक देऊ केली असताही तो न्यूरेंबर्गलाच परतला.

या प्रवासांचा खरा आधार होता तो छापील चित्रांचा. एका लाकडी ठशावरून शेकडो प्रती निघत, आणि फ्रँकफुर्टच्या जत्रेत बसून त्या विकण्याचे काम आग्नेसने केले. पुढे पिर्कहाइमरने तिला कजाग आणि लोभी ठरविले. चरित्रकारांनीही तोच शिक्का दीर्घकाळ उचलून धरला. तो अन्यायाचा होता, असेच म्हणावे लागेल. ज्याच्या प्रवासाचे पैसे बाजारातून उभे राहतात, त्याच्या घरात कोणीतरी व्यवहारी असावेच लागते.

प्रत्यक्ष पाहण्याचे मोल काय, याची साक्ष त्याच्याच एका चित्रात आहे. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा पोर्तुगीजांनी १५१५ साली गोव्याहून लिस्बनला धाडला. द्यूररने तो पाहिला नव्हता. ऐकीव वर्णनावरून आणि कोणा दुसऱ्याच्या रेखाटनावरून त्याने ठशासाठी चित्र काढले. गेंड्याच्या अंगावर चिलखत आले आणि पाठीवर एक जादा शिंगही उगवले! चित्र मात्र अमाप खपले.

१५२० साली तो नेदरलँड्सला गेला, तो निव्वळ कलेसाठी नव्हे. सम्राट मॅक्सिमिलियनच्या मृत्यूनंतर थांबलेले शंभर गुल्डनचे वर्षासन नव्या सम्राटाकडून मंजूर करून घ्यायचे होते. बरोबर आग्नेस, एक दासी आणि चित्रांचे गठ्ठे होते. त्याने ठेवलेली रोजनिशी म्हणजे जमाखर्चाची वहीच होय. कोणाला किती चित्रे दिली, बदल्यात काय मिळाले, बक्षिशी किती, जुगारात किती हरले, हे सारे तीत आहे. अँटवर्पला तो यजमानाच्या पंगतीला जेवे. आग्नेस आणि दासी माडीवर स्वतः रांधून खात. ब्रुसेल्सला मेक्सिकोहून आलेल्या सुवर्णवस्तू पाहून तो थक्क झाला. डिसेंबरमध्ये झीलंडच्या किनाऱ्याला लागलेला देवमासा पाहण्यासाठी त्याने वादळात नौकेचा धोका पत्करला. परंतु तो पोहोचेपर्यंत लाटांनी देवमासा वाहून नेला होता. पुढल्या वर्षी त्याला विचित्र तापाने गाठले आणि प्रकृती पूर्ववत झालीच नाही.

वर्षासन मंजूर झाले खरे. पण एकूण व्यवहारात तोटाच झाल्याची नोंद वहीत आहे. ६ एप्रिल १५२८ रोजी द्यूरर वारला. मानवी देहाच्या प्रमाणांवरील त्याचा ग्रंथ त्याच वर्षाअखेरीस छापून बाहेर आला, तो आग्नेसच्या खर्चाने.