हाफकीन साहेब आणि लशीच्या अफवा

परळच्या हाफकीन संस्थेचें नांव आपल्यापैकीं बहुतेकांनीं ऐकिलें आहे. परंतु ज्या गृहस्थांचें तें नांव, त्यांना प्लेगच्या जंतूंइतकेंच अफवांशींही झगडावें लागलें, हें थोड्यांस ठाऊक असतें.

वाल्डेमार हाफकीन यांचा जन्म १८६० सालीं रशियन साम्राज्यांतील ओडेसा शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. पुढें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत प्रथम ग्रंथपालाचें काम पत्करून त्यांनीं पटकीची लस सिद्ध केली व १८९२ च्या जुलैंत ती स्वतःस टोंचून घेतली.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, तेव्हां ते कलकत्त्याहून आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा जागेंत त्यांनीं मांसरसांत प्लेगचे जंतु वाढविले व उष्णतेनें मारून त्यांची लस केली. येथील लोकांच्या भावना ओळखून रसासाठीं बकऱ्याचें मांस घेतलें. १० जानेवारी १८९७ रोजीं पहिली टोंचणी त्यांनीं आपल्याच अंगावर घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगांत सांथ शिरली. तेथील सुमारें निम्म्या कैद्यांनीं आपखुशीनें लस घेतली. त्यांपैकीं दोघांस प्लेग झाला, मेला कोणी नाहीं. उरलेल्यांपैकीं बारा जणांस झाला व सहा दगावले.

तरीही ठिकठिकाणीं विलक्षण वार्ता पसरल्या. सुई हातभर लांब असते. टोंचलेला माणूस तत्काळ मरतो. पुरुषाचें पुरुषत्व जातें, स्त्री वांझ होते. यांतील शेवटची भीति सर्वांत खोल, कारण ती वंशाच्या मुळाशीं जाते. वस्तुतः लशींत होते ते केवळ मेलेले जंतु. त्यांचें काम शरीरास शत्रूची ओळख करून देण्याचें. जननशक्तीशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता. परंतु टोंचल्यावर ताप येई, दंड सुजे, आणि अफवेस एवढें निमित्त पुरे होई. शिवाय केवळ लोकांच्या अज्ञानास दोष देणें मला न्याय्य वाटत नाहीं. त्याच वर्षीं पुण्यांत गोरे शिपाई घराघरांत शिरून माणसें उचलून नेत होते. ज्या सरकारनें दार फोडलें, त्याच्या सुईवर कोण विश्वास ठेवणार? हाफकीन यांचा मार्ग निराळा होता. सक्ती नको, समजूत हवी, असा त्यांचा आग्रह असे. तरुण आगाखान यांनीं लोकांदेखत लस घेतली, तेव्हां त्यांचे हजारों अनुयायी पुढें आले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ जणांस लस टोंचली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस घेतलेले १९ जण धनुर्वातानें मेले. ही मात्र अफवा नव्हती. चौकशी समितीनें दोष प्रयोगशाळेवर ठेविला व हाफकीन यांस कामावरून दूर व्हावें लागलें. पण बाटली उघडतांना मदतनिसाचा चिमटा भुईवर पडला होता, आणि तो ज्योतींत न धरतां नुसता कार्बोलिकांत बुडवून पुन्हां वापरला गेला होता. ही गोष्ट मान्य करून घेण्यास पांच वर्षें लागलीं. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस आदि शास्त्रज्ञांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांतून त्यांची बाजू मांडली, तेव्हां ते दोषमुक्त झाले. ते पुन्हां हिंदुस्थानांत आले, पण कलकत्त्यास. परळची प्रयोगशाळा त्यांस परत मिळाली नाहीं. तिला त्यांचें नांव दिलें गेलें तें १९२५ सालीं, आणि पांच वर्षांनीं लोझान येथें त्यांचें देहावसान झालें.